आभाळाला खोली असते

लोणारच्या सरोवराकाठी एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘हा दगड दुसऱ्या आकाशगंगेतून आला.’ वाक्य भारदस्त आहे, पण हिशेबात बसत नाही. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वसाहत, आणि आपली सर्वांत जवळची मोठी शेजारीण म्हणजे देवयानी दीर्घिका. ती २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. पृथ्वीवर आदळणारे अशनी साधारणपणे सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येतात आणि प्रकाश त्यांच्या १५ हजार पट वेगाने धावतो. म्हणजे देवयानीतून निघालेल्या दगडाला इथे पोचायला ३,७५० कोटी वर्षे लागली असती, आणि विश्वाचे वयच मुळी सुमारे १,३८० कोटी वर्षांचे. बुलढाणा जिल्ह्यात १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा तो पाहुणा आपल्याच सूर्यमालेतला होता. अलीकडच्या मोजणीनुसार तो सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी आदळला.

या गैरसमजाचे मूळ साधे आहे. आभाळ आपल्याला सपाट दिसते. उल्का, ग्रह, तारे आणि दीर्घिका एकाच काळ्या छताला टांगल्यासारखे वाटतात. दीर्घिकांच्या गुच्छांबद्दलच्या, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या दीर्घिकांच्या समूहांबद्दलच्या, बहुतेक चुकीच्या समजुतीही या सपाटपणातूनच निघतात.

जुलै २०१७ मधली बातमी अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’मधल्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांतल्या सहकाऱ्यांच्या साथीने ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महागुच्छ शोधला. जयदीप बागची, शिशिर सांख्यायन, प्रकाश सरकार, सोमक रायचौधुरी, ज्यो जेकब आणि प्रतीक दाभाडे ही त्या शोधनिबंधावरची नावे. महागुच्छ म्हणजे गुच्छांचा गुच्छ. सरस्वतीत असे किमान ४३ गुच्छ आहेत. तिचा विस्तार सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षे, वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांएवढे आणि आपल्यापासूनचे अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे.

बातमी आली आणि पाठोपाठ समजुतीही आल्या. सरस्वती मीन राशीत आहे म्हटल्यावर मीन राशीच्या मंडळींवर तिचा परिणाम काय, हा प्रश्न आलाच. परिणाम शून्य. मीन हे फक्त दिशेचे नाव आहे. त्या राशीतले तारे आपल्याच आकाशगंगेतले, अगदी अंगणातले. सरस्वती त्यांच्या कितीतरी मागे आहे. एवढ्यावर हा मुद्दा संपतो.

दुसरी समजूत अधिक महत्त्वाची : पुण्याच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि सरस्वती दिसली. तसे झाले नाही. मूळ निरीक्षणे ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ची, म्हणजे अमेरिकेत न्यू मेक्सिकोत असलेल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीची. ती जगासाठी खुली आहेत. पुण्यातल्या गटाने ती चाळली, अंतरे मांडली आणि त्या ढिगातून रचना वेगळी काढली. हे श्रेय जराही कमी नाही. माझ्या मते उलट हाच या शोधातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

आता फोटोचा प्रश्न. अनेकांना वाटते की फोटोत दीर्घिकांची दाटी दिसली की गुच्छ सापडला. बुलढाण्याहून रात्री राजूर घाटातून मलकापूरच्या बाजूला पाहिले तर खालच्या गावांचे दिवे एकमेकांना चिकटून असल्यासारखे दिसतात. जवळचे मोताळा कुठे आणि पलीकडचे मलकापूर कुठे, हे दिव्यांकडे पाहून सांगता येत नाही. आकाशाच्या फोटोतही नेमकी हीच अडचण आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबल यांनी १९५८ साली काचेच्या फोटोप्लेटा डोळ्यांनी तपासून २,७१२ गुच्छांची यादी केली. काम थक्क करणारे होते, पण त्यातल्या काही ठिकाणी पुढच्या-मागच्या दीर्घिका एका रेषेत आल्याने दाटीचा नुसता भास झाला होता.

भास आणि खरी दाटी यांचा निवाडा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांत केलेली फोड, करतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशातल्या ओळखीच्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात. जितकी दीर्घिका दूर, तितकी ही सरक, म्हणजे ताम्रसृती, जास्त. ती मोजली की सपाट फोटोला खोली मिळते. स्लोनच्या लोकांनी यासाठी केलेला खटाटोप ऐकण्यासारखा आहे. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ॲल्युमिनियमचा एक पत्रा घ्यायचा, त्यात प्रत्येक दीर्घिकेच्या जागी भोक पाडायचे आणि प्रत्येक भोकात प्रकाशतंतूची वायर हाताने खोचायची. सुरुवातीच्या यंत्रणेत एका वेळी ६४० वर्णपट मिळत. सरस्वतीचा नकाशा अशा मोजमापांवर उभा आहे. तिचा सर्वांत वजनदार गुच्छ एबलच्याच यादीतला, क्रमांक २६३१.

तिच्यातला दुसरा महत्त्वाचा गुच्छ खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांच्या यादीतला आहे, आणि झ्विकींचे नाव आले की गुच्छांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज निघतो : गुच्छ म्हणजे दीर्घिकांचा ढीग. प्रत्यक्षात दीर्घिका हा त्यातला किरकोळ ऐवज आहे. झ्विकींनी १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहातल्या गुच्छाकडे पाहिले. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या बांधून ठेवणे अशक्य होते. गुच्छ केव्हाच उधळून जायला हवा होता. तो टिकला, म्हणजे न दिसणारे काहीतरी त्याला धरून आहे. या न दिसणाऱ्या वस्तुमानाचा झ्विकींनी काढलेला आकडा पुढे फुगलेला निघाला, निष्कर्ष मात्र टिकला. क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात गेल्यावर दीर्घिकांच्या मधल्या ‘रिकाम्या’ जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला सापडला. मोठ्या गुच्छात या वायूचे वस्तुमान सगळ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त भरते. आणि गुच्छाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के हिस्सा त्या न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा आहे. ते कशाचे बनले आहे, याचे उत्तर आजही कोणाकडे नाही. त्याचे वजन मात्र मोजता येते, आणि त्यासाठी गुच्छासारखा वजनकाटा दुसरा नाही.

‘विश्व फुगते, म्हणजे सगळेच एकमेकांपासून दूर चालले आहे’ हेही अर्धसत्य. गुच्छ गुरुत्वाने बांधलेले असतात, त्यांच्या आत प्रसरण चालत नाही. आपल्याच छोट्या टोळीत देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. प्रसरण जाणवते ते गुच्छांच्या दरम्यान. लांबून पाहिले तर सगळी मांडणी जाळ्यासारखी दिसते : लांबच लांब तंतू, ते जिथे मिळतात तिथे गुच्छ, आणि मधे प्रचंड मोकळ्या जागा. उन्हाळ्यात संध्याकाळी लाल-नारिंगी स्वाती दिसते, त्या भूतप तारकासमूहाच्या दिशेला अशी एक पोकळी १९८१ मध्ये सापडली. तिचा व्यास ३० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त आहे आणि तिच्यात मोजक्याच दीर्घिका आहेत.

सरस्वती विश्वातली सर्वांत मोठी रचना आहे, असेही छापून आले होते. तसे नाही. २००३ मध्ये स्लोनच्याच नकाशात सापडलेली ‘स्लोन ग्रेट वॉल’ तिच्याहून लांब आहे. शास्त्रज्ञांना चक्रावणारा प्रश्न वेगळा आहे : इतक्या पूर्वीच्या काळात, गुरुत्वाला जुळवाजुळवीसाठी आजच्यापेक्षा कमी अवधी मिळाला असताना, एवढे वस्तुमान एकत्र आले कसे?

पूर्वीच्या काळात, कारण खोली फक्त अंतराची नसते, काळाचीही असते. देवयानीचा आज दिसणारा प्रकाश निघाला, तेव्हा लोणारचे विवर नव्हते. कन्या राशीतला गुच्छ सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. बुलढाण्याच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला. म्हणजे तो थिजून साधारण एक कोटी वर्षे झाली, तेव्हा त्या गुच्छातून निघालेला प्रकाश आज इथे पोचतो आहे. आणि सरस्वतीचा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वी अजून कोवळी होती.

देवयानी पाहायला ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चंद्र नसलेली रात्र आणि दिव्यांपासून दूरचे शेत पुरते. साध्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो. कन्या गुच्छातल्या ठळक दीर्घिकांसाठी एप्रिलचे आकाश आणि सहा इंची दुर्बीण हवी. सरस्वती कुठल्याही हौशी दुर्बिणीत सापडायची नाही. पण स्लोनचे फोटो आणि वर्णपट इंटरनेटवर फुकट आहेत. शेगाव, चिखली, खामगाव, बुलढाणा इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी ते एकदा उघडून पाहावेत. एबल २६३१ चा पत्ता असा : विषुवांश २३ तास ३७ मिनिटे, क्रांती खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम पाव अंश.