डब्यातल्या गोट्या
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी माळ्यावर वनस्पती तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात वडिलांच्या लहानपणच्या ५३ गोट्या आहेत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी खोडाळ्याला घरी गेलो असताना मोबाईलवर एक मजकूर वाचनात आला. परदेशात जुन्या गोट्या जमवणारे हौशी लोक आहेत आणि ‘इंडियन’ जातीच्या गोटीला ते चांगला पैसा मोजतात, असे त्यात लिहिले होते. आमच्या डब्यातल्या तर सगळ्याच गोट्या इंडियन! मी उत्साहाच्या भरात वडिलांना सांगून टाकले की, माझ्या वसतिगृहाच्या खर्चासाठी यंदा वीटभट्टीवाल्याची उचल घेऊ नका. मुकादम शनिवारी यायचा होता. त्या दिवशी मंगळवार होता.

मधल्या चार दिवसांत मी गोटी ओळखायला शिकलो. त्याचीच ही हकिकत आहे.

पहिला धक्का नावानेच दिला. ‘इंडियन’ गोटीचा भारताशी संबंध नाही. ती जर्मनीतली. तिथल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचे काच कारागिरांचे गाव आहे. १८४६ च्या सुमारास तेथे गोट्या कापण्याची खास कात्री निघाली. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र तापवायच्या, ओढून आणि पीळ देऊन त्यांची एक लांब कांडी करायची आणि ती मऊ असतानाच कात्रीच्या वाटीसारख्या टोकात फिरवून एकेक गोटी कापून घ्यायची, अशी ती रीत. यांपैकी ज्या गोटीचे अंग काळे, अपारदर्शक आणि वर रंगीत पट्टे, तिला जमवणारे लोक ‘इंडियन’ म्हणतात.

मात्र या कापण्यातच ओळखीची मोठी खूण आहे. कांडीपासून गोटी सुटते तिथे खरखरीत डाग राहतो. त्याला पाँटिल म्हणतात. बहुधा असे डाग दोन असतात, आपल्या पृथ्वीगोलाच्या ध्रुवांसारखे समोरासमोर. कांडी ओढलेली असल्यामुळे रंगाचे पट्टेही एका ध्रुवावरून निघून दुसऱ्या ध्रुवावर मिळतात. हे दोन्ही जुळले तर गोटी हातची.

यंत्राची गोटी निराळी. अमेरिकेतील ॲक्रन गावच्या एम. एफ. ख्रिस्तेन्सेन याला १९०५ साली गोट्यांच्या यंत्राचे पेटंट मिळाले. पन्हळी पाडलेले रूळ फिरत असतात, त्यांवर तापलेल्या काचेचा गोळा पडतो आणि लोळता लोळता गोल होऊन थंड होतो. त्याला ध्रुव राहत नाहीत. फार तर काच तोडल्याची एखादी बारीक रेघ दिसते. पुढे १९५० च्या दशकात जपानी ‘मांजरडोळा’ गोट्यांनी जगाचा बाजार भरला. स्वच्छ काच आणि पोटात रंगीत पाती, ही ती गोटी. आपल्याकडच्या किराणा दुकानात जाळीच्या पिशवीतून मिळतात त्या याच घाटाच्या.

आता डबा. मी अंगणात गोणपाट अंथरून सगळ्या गोट्या ओतल्या. ३१ निघाल्या पात्यांच्या. ११ दुधी, एकरंगी, यंत्राच्या गुळगुळीत. उरल्या ११. त्यांतील ९ फिकट हिरव्या होत्या, पोटात काही नाही. काहींत बुडबुडे दिसले आणि मला पुन्हा आशा वाटली, कारण बुडबुडा म्हणजे जुनी काच असा समज सगळीकडे आहे. तो खरा नाही. स्वस्तातल्या नव्या काचेतही बुडबुडे राहतात.

वडिलांनी मात्र त्या नऊ गोट्या न पाहताच ओळखल्या. “सोड्याच्या आहेत.” हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ च्या सुमारास ही गोटीची बाटली काढली. मानेत रबरी कडे असते. बाटली उलटी धरून सोडा भरतात आणि सरळ केली की वायूचा दाब गोटीला कड्याशी घट्ट दाबून धरतो. बूच लागत नाही. गोटी नीट गोल नसेल तर सोडा उडून जाईल, म्हणून खेळणाऱ्या पोरांत हिचा मान मोठा. हिरवट झाक येते ती वाळूतल्या लोहामुळे. नऊ गोट्या म्हणजे नऊ फुटलेल्या बाटल्या. त्या कोणी फोडल्या, यावर वडील बोलले नाहीत.

दहावी गोटी आजीची, तपकिरी. तिने फुटक्या बाटलीच्या तुकड्यावर ओरखडा काढून पाहिला, तर काचेवर रेघ उमटली! म्हणजे ती काच नव्हेच, दगड. अकीक काचेपेक्षा कठीण असतो. तिरप्या उजेडात तिच्या अंगावर बारीक सपाट पैलूही दिसले. हाताने घासून गोल केलेल्या दगडावर ते राहतात. अकिकाचे काम खंभातला फार जुन्या काळापासून चालते, पण तसला दगड आपल्या सह्याद्रीच्या खडकातही सापडतो आणि ‘गारगोटी’ या शब्दात गोटी आहेच. आजीला विचारले तर ती म्हणाली, “आम्ही गजग्यांनी खेळायचो, ही तुझ्या आजोबांनी आणली.” कुठून, ते तिला आठवत नाही.

राहिली एक. काळी, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांची, आणि एका बाजूला खळगा! शुक्रवारी सकाळपर्यंत मी ही गोटी उशाशी घेऊन झोपत होतो. मग उन्हात धरून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहिली. खळगा एकच होता. आत खरखर नव्हती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळ्या होत्या. आपटून काच फुटली की अशीच खपली निघते. पट्टेही कुठे एकत्र येत नव्हते, वाटेल तसे फिरलेले. यंत्राची गोटी.

संध्याकाळी वडिलांना हे सांगणे मला फार जड गेले. ते चुलीपुढे बसले होते. “बरं,” एवढेच म्हणाले. शनिवारी मुकादम आला आणि त्यांनी उचल घेतली.

तो गेल्यावर त्यांनी काळी गोटी मागून घेतली आणि खळग्यावरून अंगठा फिरवला. भिवंडीकडच्या भट्टीवर ते आजी-आजोबांबरोबर जात, तेव्हा तिथल्या एका ट्रकवाल्याच्या मुलाची ही गोटी होती. त्याने तीन दिवस ती डावावर लावलीच नाही. चौथ्या दिवशी लावली. वडिलांनी सात पावलांवरून सोड्याच्या गोटीने नेम धरला, आणि खपली उडाली ती तेव्हा.