बझर कधी दाबायचा?

2004 मध्ये बीबीसी वर्ल्डवरच्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ची फायनल मुंबईच्या सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने जिंकली. समोर हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस होती. बाद फेरीत हरलात की थेट घरी, त्यामुळे बझर दाबायचा निर्णय महागाचा.

मूळ ब्रिटिश नियम असे: स्टार्टर प्रश्न 10 गुणांचा, उत्तर एकट्याने द्यायचं. बरोबर आलं की 5-5 गुणांचे तीन बोनस. प्रश्न मध्येच तोडून चुकलात तर 5 वजा. (आमच्या मालवणकडच्या कॉलेज क्विझमध्ये बझर नसेल तर हात वर करतात, हिशेब तोच.)

समजा, बोनसमधून सरासरी 7.5 मिळतात. म्हणजे बरोबर तर 17.5, चूक तर उणे 5. मग 22 टक्के खात्रीवरही दाबणं परवडतं ना? थांबा! तुम्ही चुकलात की समोरच्यांना पूर्ण प्रश्न ऐकायला मिळतो. ते 80 टक्के वेळा बरोबर येतात असं धरलं, तर त्यांना सरासरी 14 मिळतात आणि तुमचं नुकसान 19 चं होतं. न दाबता थांबलात आणि दोघांना सारखी संधी असेल, तर दाबायला साधारण 52 टक्के खात्री हवी. सीएसआयआर-नेटच्या निगेटिव्ह मार्किंगमध्ये हा शेजारी नसतो.

आता शेवटचा प्रश्न, तुम्ही 20 ने मागे. इथे सरासरी विसरा. 10 अधिक तिन्ही बोनस मिळाले तरच जिंकाल. 30 टक्के खात्री असली तरी दाबा. 20 ने हरलात काय नि 45 ने काय, घरीच जायचंय.