रोमन मोझेक काच: नक्षी रंगवली नाही, मग आली कुठून?

काचेच्या वाडग्यावरची नक्षी म्हटलं की आपल्याला वाटतं, वरून रंगवली असणार. सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या रोमन मोझेक काचेच्या वाडग्यात मात्र नक्षी काचेच्या पूर्ण जाडीत असते. आतून बघा की बाहेरून, तीच फुलं आणि तेच भोवरे दिसतात. हे जमवलं कसं?

आधी कांडी

अळूवडी आठवा. पानांना पीठ लावून आपण उंडा वळतो आणि कापल्यावर प्रत्येक वडीत तोच भोवरा मिळतो. रोमन कारागीर हेच काचेत करत. दोन रंगांचे मऊ काचेचे थर एकत्र गुंडाळले की भोवरा तयार. पिवळ्या कांडीभोवती पांढऱ्या कांड्या लावून गठ्ठा तापवला की फूल. निळा रंग कोबाल्टमुळे यायचा, जांभळा मँगनीजमुळे, तर अपारदर्शक पांढऱ्या-पिवळ्यासाठी अँटिमनी लागायचं.

खरी गंमत पुढे आहे. मऊ झालेला हा गठ्ठा दोन्हीकडून ताणायचा. तो बारीक होतो, पण मऊ काच मधापेक्षाही घट्ट असल्याने रंग एकमेकांत मिसळत नाहीत. नक्षी तशीच राहते, फक्त लहान होते. हिशोब बघा: ५ सेंमी व्यासाची कांडी ५ मिमीपर्यंत ताणली, तर छेदाचं क्षेत्रफळ १०० पट कमी होतं, म्हणजे लांबी १०० पट वाढते. १० सेंमीच्या तुकड्यातून १० मीटर कांडी! नक्षी एकदाच बनवायची, मग हव्या तितक्या कॉपी.

मग वाडगा

१. कांडीच्या चकत्या कापून एकमेकींना खेटून मांडायच्या.
२. भट्टीत तापवून त्यांची एकसंध तबकडी करायची. काठाला अनेकदा पीळ दिलेली काचेची कांडी लावत.
३. तबकडी घुमटासारख्या साच्यावर ठेवून पुन्हा तापवायची. मऊ काच स्वतःच्याच वजनाने वाकून वाडग्याचा आकार घेते.
४. हळूहळू थंड करून घासायचं आणि पॉलिश करायचं.

धोका थंड होताना असतो. सगळ्या रंगांची काच जवळपास सारखीच आकसली पाहिजे, नाहीतर वाडग्याला तडा जातो आणि आधीची सगळी मेहनत वाया.

एवढं भारी तंत्र मागे का पडलं?

इ.स.पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य किनाऱ्यावर काच फुंकण्याची युक्ती निघाली. नळीच्या टोकाला काचेचा गोळा घेऊन फुंकलं की काही मिनिटांत पेला तयार. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्यात मिळतो, असं भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलंय. या वेगापुढे चकत्या मांडत बसणं परवडेना. पहिलं शतक संपेपर्यंत रोममध्ये मोझेक भांड्यांची फॅशन ओसरली. पुढे व्हेनिसच्या कारागिरांनी हे तंत्र पुन्हा उभं केलं. त्याला आज ‘मिलेफिओरी’ म्हणतात, म्हणजे हजार फुलं.

ताणण्याची युक्ती मात्र आजही रोजच्या कामात आहे. ऑप्टिकल फायबर बनवताना आत गाभा आणि बाहेर आवरण असलेला काचेचा जाड दांडा तापवून ताणतात. १२५ मायक्रॉनपर्यंत बारीक झाला तरी गाभा आणि आवरणाचं प्रमाण तेच राहतं. तुमचं इंटरनेट अशाच ताणलेल्या काचेतून येतं.