तबकडीची साक्ष : जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आणि ताडून पाहताना

महाविद्यालयात असताना वार्षिकांकासाठी मी एका बुजुर्ग गायकावर लेख लिहिला होता. तारुण्यात त्यांची पट्टी पांढरी दोन होती आणि पुढे ती काळी एकवर उतरली, असे त्यात ठासून म्हटले होते. आधार काय, तर दोन ध्वनिमुद्रिका, एक जुनी आणि एक नंतरची. दोन्ही मी शेजारच्या घरी ऐकल्या होत्या आणि पेटीवर स्वर लावून पाहिले होते. लेख वाचून पेटी शिकवणारे आमचे एक वृद्ध गुरुजी एवढेच म्हणाले, "तुझी पेटी बरोबर असेल रे, पण तबकडी बरोबर फिरत होती का?" मला उत्तर देता आले नाही. जुनी तबकडी किती गतीने मुद्रित झाली होती याचा मी विचारच केला नव्हता. त्या एका प्रश्नाने माझा निष्कर्ष निकालात निघाला.

आज जुन्या तबकड्यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. अनेक घरांत आजोबांचा संग्रह माळ्यावरून खाली आला आहे, विद्यार्थी प्रबंधांत ध्वनिमुद्रिकांचा आधार घेतात, आणि संगीतावर लिहिणारे लेखक "ती रेकॉर्ड ऐका" असे सहज सांगतात. हा आनंद मोठा आहेच. पण दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून काही म्हणायचे असेल, तर तबकडी कशाची साक्ष देऊ शकते आणि कशाची नाही, हे माहीत असले पाहिजे. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

गती आणि पट्टी

भारतातले पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गायसबर्ग आले होते आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत. त्यांना आपण 'अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या' म्हणतो, कारण त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात गती एकसारखी नव्हती. कोणती तबकडी ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली, कोणती ८० फेऱ्यांनी.

याचा परिणाम सोप्या हिशेबाने कळतो. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की सगळे गाणे एका अर्धस्वराने वर चढते. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर वाढ साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे काळी एकचे गाणे जवळजवळ पांढरी दोनचे वाटू लागते. तीन मिनिटांचे गाणे दोन मिनिटे एकावन्न सेकंदांत संपते, लय तेवढीच चढते आणि आवाज थोडा कोवळा, थोडा पातळ होतो. माझ्या लेखातला 'तरुण गायक' कदाचित असाच घडला असावा.

मग अशा तबकडीवरून काहीच म्हणता येत नाही का? येते, आणि इथेच नीट विचार करायला हवा. गती बदलली की सगळे स्वर सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली सरकतात. स्वरांमधले अंतर तेच राहते. म्हणून पट्टी, लयीचा वेग आणि आवाजाचा पोत यांविषयी अशी तबकडी खात्रीची साक्ष देत नाही. पण रागाचे रूप, स्वरांची संगती, धैवत कोमल आहे की शुद्ध, बंदिशीची समेवर येण्याची पद्धत यांविषयी ती निःशंक बोलते. कोणत्या साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे.

आपले यंत्र बरोबर फिरते का, हे मात्र घरच्या घरी तपासता येते. तबकडीच्या लेबलावर कागदाची चिठ्ठी चिकटवावी आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. शाळेतल्या मुलांनाही हा प्रयोग करता येतो.

आणखी एक फसवणूक तबकडीच्या मधल्या भोकात दडलेली असते. भोक किंचित बाजूला पडले असेल तर प्रत्येक फेऱ्यात स्वर हलके वरखाली होतो. एलपीवर हा झोका दर १.८ सेकंदांनी येतो, अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर त्याहून लवकर. लांब धरलेल्या स्वरावर तो आंदोलनासारखा वाटतो. तो झोका सर्व स्वरांवर सारख्याच ठेक्यात येत असेल, तर ते गायकाचे आंदोलन नव्हे, हे ओळखावे.

तीन मिनिटे आणि वीस मिनिटे

दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची एलपी आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली. ख्यालाच्या दृष्टीने हा फरक केवळ लांबीचा नाही.

इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी असलेली एलपी १९६० साली निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्याचा विलंबित ख्याल झुमऱ्यात आहे. झुमरा चौदा मात्रांचा. अतिविलंबित लयीत एका मात्रेला चार सेकंद धरले, तर एका आवर्तनाला ५६ सेकंद लागतात. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर अशी जेमतेम तीन आवर्तने बसली असती. षड्ज टाळून, रिषभ आणि धैवतावर रेंगाळत मारवा हळूहळू उलगडायला तीन आवर्तने कशी पुरावीत? म्हणून अमीर खाँसाहेबांची गायकी ज्या रूपात आज आपल्याला परिचित आहे, ते रूप जतन होण्यात एलपीचा वाटा आहे. तबकडी आधी लांब झाली, मग ती स्वस्थता घरोघर पोचली.

ही गोष्ट लक्षात ठेवली तर एका जुन्या सिद्धान्ताकडेही नव्याने पाहता येते. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर मधे. विद्यार्थी हा सिद्धान्त पाठ करतात. तो कानांनी तपासायचा तर हाताशी काय आहे? मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, बडोदा दरबारचे फैयाज खाँ १९५० साली. दोघांनीही स्टुडिओत जे गायले ते लाखेच्या तबकडीच्या मोजमापात. अल्लादिया खाँ यांनी तर आपले गाणे व्यापारी तबकडीवर येऊच दिले नाही. जयपूरसाठी आपल्याला शिष्यांकडे, म्हणजे गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे, जावे लागते.

म्हणजे तीन मिनिटांच्या तबकड्यांवरून घराण्यांचा तोल ठरवणे धोक्याचे आहे. थोड्या वेळात काहीतरी दाखवायचे म्हटल्यावर प्रत्येक गायक तानेकडे आणि बोलांच्या खेळाकडे लवकर वळतो. नोमतोमची आलापी ही फैयाज खाँसाहेबांची खरी ओळख, पण तिला या मापात पाय पसरायला जागा कुठे? देशपांडे यांच्या पाठीशी प्रत्यक्ष मैफलींचा अनुभव होता, आपल्यापाशी तबकडी आहे. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाला 'रेकॉर्डवर तसे ऐकू येत नाही' असे उत्तर देण्यापूर्वी थांबावे.

तान आणि आतली खाच

एलपीचीही एक मर्यादा आहे आणि ती ख्यालाला नेमकी अडचणीच्या जागी गाठते. तबकडी बाहेरून आत वाजते. गती एकच असली तरी बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून सुमारे ९२ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम ३८ सेंटिमीटर. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. साहजिकच आतल्या भागात बारीकसारीक आवाज स्पष्ट उमटत नाही.

पाश्चात्त्य सिम्फनीत शेवटचा जोरकस भाग या जागी येतो म्हणून तिकडचे रसिक तक्रार करतात. आपल्याकडे ख्यालाची रचनाच अशी, की संथ आलापी बाहेरच्या प्रशस्त जागेत होते आणि द्रुत बंदिशीतल्या वेगवान ताना आतल्या दाटीत येतात. तान पुसट वाटली, दाणा मोकळा ऐकू आला नाही, तर दोष गळ्याला देण्याआधी सुई कुठे आहे हे पाहावे. दोन गायकांच्या तानांची तुलना करायची असेल, तर दोघांच्याही ताना तबकडीच्या साधारण सारख्याच भागात असाव्यात.

अगदी जुन्या तबकड्यांत आणखी एक उणीव आहे. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रण मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन होत असे. कर्ण्याला खर्ज आणि अगदी तीव्र ध्वनी नीट पकडता येत नसत. म्हणून तंबोरा विरून जातो, डग्गा हरवतो. 'त्या काळी साथ अगदी जुजबी असे' असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल.

एक तुलना : ललत

आता हे सगळे वापरून एक तुलना करून पाहू. ललत हा राग घेऊ. पंचम वर्ज्य, कोमल रिषभ आणि दोन्ही मध्यम एकमेकांना लागून. धैवताबाबत परंपरांत मतभेद आहे. भातखंडे यांनी ललत मारवा थाटात घातला, म्हणजे शुद्ध धैवताने. कोमल धैवताचा ललतही मोठ्या प्रमाणात गायला जातो.

तीन ध्वनिमुद्रिका समोर ठेवाव्यात. फैयाज खाँ यांची लाखेची तबकडी, केसरबाईंची लाखेची तबकडी आणि अमीर खाँ यांची मेघ-ललत असलेली एलपी. बडोदा, गोवा आणि इंदूर. आपल्या वाचकांना ही गावे परकी नाहीत.

पहिल्या फेरीत फक्त दोन मध्यमांकडे लक्ष द्यावे. शुद्धातून तीव्राकडे आणि परत जाताना गायक जोडून जातो की तोडून? दुसऱ्या फेरीत धैवत पाहावा. तो प्रश्न गतीवर अवलंबून नाही, म्हणून तिन्ही तबकड्यांना निर्धास्तपणे विचारता येतो. तिसऱ्या फेरीत बंदिशीचा मुखडा समेवर कसा येतो ते मोजावे. इथेही उत्तर भरवशाचे मिळते. मग मात्र फैयाज खाँ आणि केसरबाई एका गटात ठेवून अमीर खाँ वेगळे काढावेत. विस्ताराची तुलना फक्त पहिल्या दोघांत करावी, कारण दोघांनाही वेळ सारखाच मिळाला होता. अमीर खाँसाहेबांची एलपी त्यांच्याशेजारी ठेवून 'हे अधिक चिंतनशील' म्हणणे म्हणजे पत्राची कादंबरीशी तुलना करून पत्र त्रोटक आहे म्हणण्यासारखे आहे.

असे ऐकल्यावर शब्दांतही फरक पडतो. 'अप्रतिम', 'भारावून टाकणारे', 'स्वर्गीय' या शब्दांऐवजी 'तीव्र मध्यमावरून शुद्धावर येताना आवाजाचा भर कमी होतो' असे वाक्य लिहिता येते. संगीतावरच्या मराठी लेखनाची हीच जुनी ताकद आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असे एकेक वाक्य लिहून घ्यावे. त्यासाठी मोठा संग्रह नको, तीन तबकड्या पुरतात.

नोंद कशी करावी

तबकडीवरून काही लिहिताना राग, गायक आणि लेबलावरील क्रमांक यांबरोबर कोणत्या गतीवर ऐकली हेही लिहावे. मूळ तबकडी ऐकली की नंतरची आवृत्ती, हेही सांगावे. कारण जुन्या एकमार्गी ध्वनिमुद्रणावर कृत्रिम स्टिरिओ चढवलेल्या आवृत्त्याही बाजारात येतात. लाखेची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नये. तिची खाच कितीतरी रुंद असते, बारीक सुई तळाशी घासते आणि खरखर वाढते. अशा ऐकण्यावरून आवाजाविषयी मत बनवू नये.

केसरबाईंची भैरवीची एक तबकडी सर्वांना ठाऊक आहे. १९७७ साली अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी होती आणि तिच्यावर ही साडेतीन मिनिटांची भैरवी होती. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारल्या. त्या तबकडीबद्दल आपण अभिमानाने बोलतो, पण तिच्या वेष्टनावर काय कोरले आहे ते सहसा सांगत नाही. सुई कुठे ठेवावी आणि एक फेरा किती वेळात पूर्ण व्हावा, हे त्यावर आकृत्यांनी दाखवले आहे. एका फेऱ्याला ३.६ सेकंद. ऐकणारा कोण असेल हे माहीत नसताना, गाणे बरोबर ऐकले जावे म्हणून पाठवणाऱ्यांनी आधी गती लिहिली. आपल्या लेखात आणि प्रबंधात निदान तेवढी तरी नोंद असावी.