वीस केबीत मावणारा चेहरा

‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्जदाराचा फोटो चढवायचा तर त्याची रुंदी 160 पिक्सेल, उंची 200 ते 212 पिक्सेल आणि फाइल 5 ते 20 केबीच्या दरम्यान असावी लागते. उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रीमिलेअर हे दाखले याच पोर्टलवरून मागवले जातात. त्यामुळे बारावीचा निकाल लागला, की धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या सेवा केंद्रांवर ‘फोटो घेत नाही’ ही तक्रार ठरलेली. फोटोत बहुधा काहीच बिघडलेले नसते. दोन निरनिराळ्या मापांची गल्लत झालेली असते.

पहिले माप पिक्सेलचे, म्हणजे फोटो किती ठिपक्यांचा आहे याचे. 12 मेगापिक्सेलच्या मोबाइलमधून निघालेला फोटो 4000 बाय 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपक्यांचा असतो. अर्जाला लागतात जेमतेम 33 हजार. म्हणून आधी फोटो क्रॉप करून चेहरा आणि खांदे तेवढे ठेवायचे, मग आकार उतरवायचा. पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा असतो. त्याच प्रमाणात 160 रुंदीला उंची 206 येते आणि पोर्टलच्या अटीत ती बरोबर बसते. क्रॉप न करता चौकोनी फोटोच त्या मापात कोंबला, तर अर्जदार लांबुडका दिसतो.

दुसरे माप केबीचे. रंगीत फोटोतला एक पिक्सेल साठवायला 3 बाइट लागतात. त्या हिशेबाने 160 बाय 206 चा फोटोही 98,880 बाइट, म्हणजे साधारण 97 केबी भरतो. तो 20 केबीच्या आत आणायचे काम जेपीईजी करते. 1992 मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते, त्यांतले ठळक फरक जपते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. यामागचे गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह 1974 मध्ये प्रसिद्ध केले होते. तुळजापूरच्या केंद्रावर ‘क्वालिटी’ची पट्टी डावीकडे सरकवणारा मुलगा तेच गणित वापरत असतो. पट्टी फार सरकली, की हे चौकोन गालांवर उघडे दिसू लागतात.

टाकलेले बारकावे परत मिळत नाहीत. दाबलेलाच फोटो पुन्हा दाबत गेले तर तो बिघडतच जातो, म्हणून दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करणे बरे. केंद्रचालकाला व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला, तर ॲप तो वाटेतच लहान करते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. सोबतच्या कागदपत्रांना 75 ते 500 केबीची मुभा आहे, पण तिथे जपावे लागते ते अक्षरांना. जेपीईजीच्या दाबाखाली चेहऱ्याआधी सातबाऱ्यावरची बारीक अक्षरे फुटतात.

शेताच्या फोटोला मात्र हा सगळा खटाटोप लावू नये. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या गटात उभा राहून ॲपमधूनच पिकाचा फोटो काढतो आणि त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात. सप्टेंबर 2025 च्या पुरात परंडा-भूम भागात पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी स्वतःच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोतही तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असल्यास जागा, असा तपशील फाइलच्या पोटात राहतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तो गळून पडतो, रीसाइझ करणारी काही ॲप्सही तो काढून टाकतात. पंचनाम्याच्या वेळी दाखवायचा फोटो म्हणून मोबाइलमध्ये मूळ स्वरूपातच ठेवावा आणि कुठे लहान आकाराचा मागितला, तर ‘सेव्ह ॲज’ करून वेगळ्या नावाने दुसरी प्रत काढावी.