मासळीच्या बैठकीत आलेला कायदा

कायदा गाजावाजा करून बदलला तर वर्तमानपत्रांत मथळे येतात. तोच चार शब्दांनी बदलला तर कुणाला पत्ताही लागत नाही. बँकेची परिपत्रके वाचण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्यामुळे मुख्य वाक्यापेक्षा त्याच्या शेपटाला लावलेल्या ‘खेरीज’ या शब्दाला मी अधिक भिऊन असतो. अशाच एका ‘खेरीज’ची ही हकिगत आहे.

विषय सॉफ्टवेअरच्या पेटंटचा. शिरूर-दौंडच्या माणसाला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण दूध घातल्यावर फॅटच्या हिशेबाची पावती मिळते, साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन नोंदले जाते, पतसंस्थेत ठेवीचे व्याज निघते, ते सारे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर. असे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी पुष्कळदा लहानशा दुकानात बसलेली दोन-चार तरुण मुले असतात.

कॉपीराइट आणि पेटंट यांतला फरक गृहिणींना चटकन कळेल. ‘रुचिरा’ हे पुस्तक परवानगीशिवाय छापता येत नाही, हा झाला कॉपीराइट. पण ते वाचून पुरणपोळी करायला कुणाची आडकाठी नाही. पुरणपोळी करण्याच्या रीतीवरच कुणी मालकी सांगितली, तर ते पेटंट! मग तुम्ही पुस्तक न उघडता, आजीला विचारून पोळी केलीत तरी दंडाला पात्र.

आता हाच न्याय व्याजाला लावून पाहा. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर मिळू लागले आणि बँकांना आपापले प्रोग्रॅम बदलावे लागले. त्या वेळी रोजच्या हिशेबाची रीत कुणाच्या मालकीची असती, तर? लहान बँकेने परवाना घ्यायचा, की वकील गाठायचा?

आपल्या पेटंट कायद्याने हा धोका ओळखला होता. २००२च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले. गणिती रीत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम यांना पेटंट नाही, असे ते सांगते.

याच काळात युरोपात उलटी हवा होती. फेब्रुवारी २००२ मध्ये युरोपीय आयोगाने सॉफ्टवेअरशी निगडित शोधांच्या पेटंटचा मसुदा मांडला. मायक्रोसॉफ्ट, नोकिया, सीमेन्स यांसारख्या बड्या कंपन्या अशा कायद्याच्या बाजूने होत्या. लहान कंपन्या आणि प्रोग्रॅमर विरोधात उभे राहिले. सप्टेंबर २००३ मध्ये युरोपीय संसदेने मसुद्याला कडक मर्यादा घातल्या, पण मे २००४ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी त्यांतल्या बहुतेक काढून टाकल्या. मग २१ डिसेंबर २००४ रोजी हा मसुदा चर्चेविना मंजुरीसाठी कुठे ठेवला गेला? शेती आणि मासेमारीच्या मंत्र्यांच्या बैठकीत! पोलंडने हरकत घेतली म्हणून तो त्या दिवशी अडला.

त्यानंतर पाचच दिवसांनी, २६ डिसेंबरला, आपल्याकडे पेटंटचा वटहुकूम निघाला. त्सुनामी आली तोच हा दिवस. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधांना पेटंट देणे भाग होते. दौंडजवळच्या कुरकुंभला औषधांचे कारखाने आहेत, त्यामुळे या तालुक्याला तो प्रश्न परका नव्हता. सगळ्यांचे लक्ष औषधांवर असताना त्याच वटहुकमात प्रोग्रॅमच्या बंदीला एक ‘खेरीज’ जोडली गेली : उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी सांगड असेल ते सोडून. हार्डवेअरशिवाय चालणारा प्रोग्रॅम कुणी पाहिला आहे काय? बंदी कागदावर तशीच राहिली आणि दार मात्र उघडले. करारात प्रोग्रॅमला कॉपीराइटचे संरक्षण देण्यास सांगितलेले आहे, आणि ते आपण देतच होतो.

मार्च २००५ मध्ये विधेयक संसदेत आले. सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते. त्यांच्या आग्रहाने जे बदल झाले, त्यांत ही ‘खेरीज’ गळाली आणि जुने शब्द परत आले. युरोपच्या संसदेनेही ६ जुलै २००५ रोजी तो मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. अर्थात, संसद मसुद्यात पुन्हा कडक दुरुस्त्या करील या धास्तीने अखेरीस बड्या कंपन्यांनाही तो नकोसाच झाला होता!

एवढ्याने गोष्ट संपत नाही. युरोपचे पेटंट कार्यालय नंतरही ‘तांत्रिक’ या शब्दाच्या आधाराने पेटंटे देत राहिले. आपल्याकडे ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांतून दार पुन्हा किलकिले झाले. काही संस्थांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि डिसेंबरमध्ये त्या सूचना स्थगित झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची अट आली, जून २०१७ मध्ये ती गेली. कायद्यातले शब्द तेच राहिले, त्यांचा अर्थ मात्र हलत राहिला.

कंपनीने आपले म्हणणे सरकारपुढे मांडावे, यात गैर काही नाही. तो तिचा हक्क आहे. लॉबिंग म्हणजे प्रत्येक वेळी पाकीट सरकवणे नव्हे. बहुतेक वेळा ते मसुदा वेळेवर वाचणे असते. बड्या कंपनीकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. पतसंस्थेच्या सचिवाला थकबाकीतून डोके वर काढायला फुरसत नाही. दोष कुणाचा, यापेक्षा समोरच्या खुर्चीत कुणीच नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

२०१४ पासून केंद्र सरकारचे धोरण आहे की कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ते नेहमी पाळले जाते असे नाही, पण पाळले जाते तेव्हा आपण काय करतो? शिरूर आणि दौंडला वकील आहेत, पतसंस्था आहेत, कॉम्प्युटर शिकवणारी महाविद्यालये आहेत. तिघांनी मिळून वर्षातून दोन-तीन मसुदे वाचले आणि एका पानाचे पत्र दिल्लीला धाडले, तर खर्च पोस्टाच्या तिकिटाचा. तीस दिवस पुष्कळ होतात. वाचायला मात्र पहिल्याच दिवशी बसायला हवे.