वाकळेच्या पोटात

निपाणीकडच्या गावांत वाकळ धरायची ती सुगी आटोपल्यावर. रानात काम नाही, ऊन खणखणीत, आणि सोप्यात दोन-तीन बायका ऐसपैस बसतील एवढी जागा मोकळी. शेजारच्या कन्नड घरात हिलाच कौदी म्हणतात.

शिवण्याइतकंच काम निवडण्यात असतं. आक्कांनी बोचकं सोडलं तर आधी बाहेर आले ते ब्लाऊजपीस. बारशाचे, डोहाळजेवणाचे, वास्तुशांतीचे. ऐंशी सेंटिमीटरचा हा तुकडा क्वचितच कुणी शिवतं. या ओटीतून त्या ओटीत तो फिरत राहतो. एक जांभळा हातात घेऊन आक्का म्हणाल्या, "ह्यो मीच दिल्ता की सुनंच्या माहेरला!"

पारख बोटांची. चिमटीत धरून चोळायचं. सुती रुबिया एका ढिगात, पॉलिस्टर दुसऱ्यात. पॉलिस्टर सुईखाली घसरतं, चुण्या पडतात. "वर लावलं की झ्याक दिसतंय, खरं धुतल्यावर बघ त्याचं त्वांड." लाल तुकडे आधी बादलीत भिजवायचे, रंग सोडतात का बघायला. जुन्या झंपरांचे हूक, साड्यांचे फॉल, जाड शिवणी सगळं कापून काढायचं. आत एखादी राहिली तर सुई तिथंच मोडते.

तळाला नऊवारी इरकल, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. मधे धोतर, विटलेल्या चादरी. वर ठिगळं. कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून सगळं ताणलं, मोठ्या टाक्यांनी टाचलं, मग कडेनं आत धावदोरा सुरू. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा दुहेरी, खरं हातभरच. लांब घेतला की गुंता. सुईवर तीन-चार टाके गोळा करून एकदम ओढायचे. डावा हात वाकळेखाली, सुईचं टोक चाचपत. त्या बोटाला चिंधी बांधलेली.

बाजूला बसलेल्या वैनी विड्या वळणाऱ्या. विडीचं पान कापायला पत्र्याचा साचा असतो, ठिगळाला कसला? तरी त्यांची ठिगळं एकावर एक ठेवली तर काठाला काठ भिडतो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंद शिवताना कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावतात. आमच्या वाकळेला तेवढी हौस नाही. काटकसर मात्र अशी की चार बोटांची चिंधीसुद्धा फेकायची नाही.

अडलं ते जाडीवर. मी आणखी एक चादर पुढं केली, ती आक्कांनी परत सारली. पूर्वी नवरात्राआधी वाकळा वेदगंगेवर धुवायला न्यायच्या; भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागत.

"आता सुनंच्या मशीनीत बसाय पायजे," आक्का म्हणाल्या आणि चादरीची फरशी पुसायची फडकी करायला घेतली.